गाठीलाच विचारलेला प्रश्न : कर्करोगाच्या ‘जिवंत प्रतिरूपां’चा इतिहास

१/२४
मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला की डॉक्टर ‘कल्चर’ करायला सांगतात. प्रयोगशाळेत त्या रुग्णाचेच जंतू वाढवतात, त्यांच्यावर निरनिराळी प्रतिजैविके घालून पाहतात आणि दोन-तीन दिवसांत कोणते औषध लागू पडेल ते कागदावर लिहून मिळते. मग कर्करोगाच्या बाबतीत असे का होत नाही? रुग्णाच्या गाठीचा तुकडा बाहेर वाढवावा, औषधांची परीक्षा त्याच्यावर घ्यावी आणि जे उत्तीर्ण होईल तेच रुग्णाला द्यावे, हे इतके अवघड का ठरले? या प्रश्नामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्यात काचेच्या नळ्या आहेत, केस नसलेले उंदीर आहेत आणि अनेकदा मोडलेली आशाही आहे. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/२४
हा प्रश्न उद्भवण्यासाठी आधी औषधे असावी लागतात. १९४० पर्यंत कर्करोगावर मुख्यतः दोनच उपाय होते : शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन पहिल्यांदा रुग्णाला देण्यात आले. युद्धातील विषारी वायूंच्या संशोधनातून ते पुढे आले होते. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने मुलांमधील रक्ताचा कर्करोग काही काळ माघारी फिरल्याचे प्रसिद्ध केले. औषधे एकाची चार झाली आणि त्याबरोबर निवडीचा प्रश्न आला. यातील प्रत्येक औषध हे एक विषच होते. चुकीचे औषध निवडले तर रुग्णाच्या वाट्याला उलट्या, रक्तक्षय आणि अशक्तपणा येई, गाठ मात्र वाढतच राही. वाया गेलेले ते आठवडे परत मिळत नसत.

३/२४
न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सार्वजनिक रुग्णालयात हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवत होता. तेथे येणारे बहुसंख्य रुग्ण कृष्णवर्णीय आणि गरीब होते. डॉ. लुई राइट हे १९१९ मध्ये या रुग्णालयाच्या सेवेत आलेले पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर विषारी वायूने त्यांची फुप्फुसे कायमची दुखावली होती. १९४८ मध्ये त्यांनी रुग्णालयात कर्करोग संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले. वर्णभेदाच्या त्या काळात, मोठ्या विद्यापीठांच्या छायेबाहेर, नव्या औषधांवर पद्धतशीर संशोधन करणारे असे केंद्र उभे राहणे ही साधी घटना नव्हती. १९४९ मध्ये त्यांची कन्या डॉ. जेन राइट तेथे रुजू झाली.

४/२४
१९५२ मध्ये लुई राइट यांचे निधन झाले आणि प्रतिष्ठानाची सूत्रे जेन यांच्याकडे आली. तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर नुकत्याच पुढे सरकल्या होत्या. त्यांची भूमिका सरळ होती. एकाच अवयवाचा कर्करोग झालेल्या दोन रुग्णांना एकच औषध दिले तर एकाची गाठ वितळते, दुसऱ्याची हलतसुद्धा नाही. याचा अर्थ गाठीगाठीत फरक आहे. मग औषध ठरवताना केवळ अवयवाचे नाव पुरणार नाही. त्या विशिष्ट गाठीलाच विचारले पाहिजे. पेशीशास्त्रज्ञ ज्युएल प्लमर कॉब यांच्या साहाय्याने त्या रुग्णांच्या गाठींचे तुकडे काचपात्रात जगवू लागल्या आणि त्यांच्यावर औषधांचा परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागल्या.

५/२४
१९५५ मध्ये जेन राइट न्यूयॉर्क विद्यापीठात कर्करोग रसायनोपचार संशोधनाच्या प्रमुख झाल्या. १९५७ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विषयच असा होता : औषधाला काचपात्रातील ऊती जो प्रतिसाद देते आणि रुग्णाचे शरीर जो प्रतिसाद देते, त्या दोहोंचा परस्परसंबंध काय? आज ‘व्यक्तिनिष्ठ उपचार’ हा शब्द एकविसाव्या शतकाचा शोध असल्यासारखा वापरला जातो. त्याची मूळ कल्पना मात्र १९५७ मध्येच कागदावर पूर्ण मांडलेली होती. तिला अडवणाऱ्या गोष्टी दोन होत्या. गाठ शरीराबाहेर जगत नव्हती, आणि जगलीच तर ती रुग्णातल्या गाठीसारखीच वागेल याची शाश्वती नव्हती.

६/२४
गाठ शरीरात बेबंद वाढते, म्हणून ती काचपात्रातही सहज वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. शरीरात तिला रक्तवाहिन्या, संप्रेरके आणि शेजारच्या पेशींचा आधार असतो. तो तुटला की बहुतेक गाठी काही दिवसांत मरतात. तुकड्यात मिसळलेल्या निरोगी संयोजी ऊतीच्या पेशी मात्र जोमाने वाढतात आणि सारे पात्र व्यापून टाकतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज गाय हे दीर्घकाळ मानवी कर्कपेशी अखंड वाढवण्याचा प्रयत्न करत होते आणि अपयशी ठरत होते. १९५१ मध्ये एका रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी प्रथमच थांबल्या नाहीत. त्या रुग्णाचे नाव हेन्रिएटा लॅक्स. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्या पेशी ‘हिला’ या नावाने ओळखल्या गेल्या.

७/२४
हेन्रिएटा यांचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निधन झाले. त्यांच्या पेशी संशोधनासाठी ठेवताना कोणी त्यांची परवानगी घेतली नव्हती, आणि कुटुंबाला ही गोष्ट दोन दशकांहून अधिक काळ कळली नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने या घटनेची आणखी एक बाजू महत्त्वाची आहे. ‘हिला’ हा अपवाद होता, नियम नव्हे. तिच्या वाढीचा जोर असा की ती इतरांच्या काचपात्रांतही शिरली. १९६६ मध्ये स्टॅनले गार्टलर यांनी दाखवून दिले की निरनिराळ्या रुग्णांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या १८ पेशीमालिका बहुधा ‘हिला’च होत्या. म्हणजे ज्या पेशींना प्रश्न विचारला जात होता, त्या भलत्याच व्यक्तीच्या निघाल्या.

८/२४
या कथेला मुंबईचाही एक धागा आहे. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे, यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यानंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांमधील स्तनकर्करोगावर दीर्घकाळ संशोधन केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. शरीराबाहेर पेशी जगवण्याची विद्या भारतात रुजली ती अशी.

९/२४
काचपात्र साथ देत नसेल तर दुसरा मार्ग होता जिवंत शरीराचा. कोकणातला बागायतदार हापूसची फांदी दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बांधतो. मुळे खुंटाची, फळ मात्र हापूसचे. तसेच मानवी गाठीचे कलम प्राण्याच्या शरीरावर करता आले तर? आंब्याच्या खुंटाला परके-आपले कळत नाही. प्राण्याच्या शरीराला ते पक्के कळते, आणि त्याची प्रतिकारशक्ती परकी ऊती नष्ट करते. १९४० च्या सुमारास येलच्या हॅरी ग्रीन यांनी यावर एक पळवाट शोधली. त्यांनी मानवी गाठींचे तुकडे गिनीपिगच्या डोळ्यातील पुढच्या कप्प्यात ठेवले, कारण तेथे प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला असतो. पण डोळ्यात मावणाऱ्या एवढ्याशा तुकड्यावर औषधांची परीक्षा ती किती घेणार?

१०/२४
न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत हेलन टूलन यांनी पहाराच मोडून काढला. १९५१ मध्ये त्यांनी क्ष-किरणांनी प्रतिकारशक्ती दुबळी केलेल्या प्राण्यांच्या त्वचेखाली मानवी गाठी वाढवून दाखवल्या. पुढे किरणांच्या जोडीला कॉर्टिसोनही वापरले. याच तंत्राने उंदरांत वाढवलेल्या, स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या एका गाठीपासून १९५० च्या दशकात ‘हेप-२’ ही पेशीमालिका तयार झाली. संधिवातासारख्या स्वयंप्रतिकार विकारांच्या निदानासाठी होणाऱ्या ‘एएनए’ चाचणीत ती आजही वापरतात. पुढे तपासणीत तीसुद्धा ‘हिला’ने व्यापलेली आढळली! प्रतिरूप नेमके कोणाचे, हा प्रश्न या इतिहासात पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

११/२४
खरा बदल योगायोगाने घडला. १९६२ मध्ये ग्लासगोच्या रुचिल रुग्णालयातील विषाणू प्रयोगशाळेत काही उंदीर जन्मतःच केस नसलेले दिसले. १९६६ मध्ये एडिनबरोच्या एस. पी. फ्लॅनगन यांनी हा आनुवंशिक बदल असल्याचे वर्णन केले आणि त्याला ‘न्यूड’ असे नाव मिळाले. हे उंदीर दुबळे असत आणि लवकर मरत. १९६८ मध्ये ग्लासगोच्या ई. एम. पँटेलुरिस यांना त्याचे कारण सापडले : या उंदरांना थायमस ही ग्रंथीच नव्हती. प्रतिकारशक्तीच्या ‘टी’ पेशी याच ग्रंथीत परिपक्व होतात. टूलन यांनी किरणांनी जे कष्टाने साधले, ते निसर्गाने या उंदरांत आयते करून ठेवले होते.

१२/२४
पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, कोपनहेगनच्या योर्गेन रिगार्ड आणि कार्ल पोव्हल्सेन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एका रुग्णाची गाठ घेतली आणि तिचे तुकडे या निर्लोम उंदरांच्या त्वचेखाली बसवले. गाठ वाढली. तिचा तुकडा दुसऱ्या उंदरात बसवला, तेथेही वाढली. सूक्ष्मदर्शकाखाली तिची रचना मूळ मानवी गाठीसारखीच दिसत होती. रुग्णापासून थेट घेतलेल्या गाठीचे उंदरावरील कलम, ज्याला आज ‘पीडीएक्स’ म्हणतात, त्याची वंशावळ येथपासून सांगितली जाते. आता एकच गाठ अनेक उंदरांत वाटता येत होती आणि प्रत्येक उंदराला वेगळे औषध देता येत होते. जेन राइट यांच्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता प्रथमच दिसू लागली.

१३/२४
पण एक घड्याळ सतत टिकटिकत होते. उंदरात कलम धरायला आठवडे लागतात, ते अनेक उंदरांत वाढवून औषधे तपासायला महिने. प्रगत अवस्थेतील रुग्णाकडे तेवढा वेळ अनेकदा नसतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधील आर्थर बॉग्डेन यांनी घाईचा उपाय काढला. गाठीचा सूक्ष्म तुकडा साध्या उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली ठेवायचा आणि प्रतिकारशक्ती पूर्ण जागी होण्याआधी, सहा दिवसांत, मोजमाप उरकायचे. वेग मिळाला, विश्वास मात्र उणावला. सहा दिवसांतच उंदराच्या स्वतःच्या पेशी त्या तुकड्यात शिरत. मोजली जाणारी वाढ गाठीची की उंदराच्या प्रतिकाराची, हे सांगता येईना. घड्याळ आणि खरेपणा यांची ही ओढाताण पुढेही संपली नाही.

१४/२४
दरम्यान काचपात्राचा मार्ग पुन्हा उजळला. १९७७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील ॲन हॅम्बर्गर आणि सिडनी सॅमन यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक पद्धत मांडली. गाठीतील पेशी सुट्या करून मऊ आगरच्या थरात ठेवायच्या. आगरमध्ये संयोजी ऊतीच्या निरोगी पेशींना वाढता येत नाही. वाढतात त्या कर्कपेशी, आणि त्यांचे लहान लहान पुंजके दिसू लागतात. आधी औषध लावले तर पुंजके किती घटतात ते मोजायचे. १९७८ मध्ये याच गटाने रुग्णांच्या प्रतिसादाशी या मोजणीचा मेळ बसत असल्याचे प्रसिद्ध केले. जंतूंच्या ‘कल्चर’सारखी चाचणी अखेर हाती आली असे वाटू लागले. देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी ती उचलली.

१५/२४
मग हिशेब सुरू झाला. पुष्कळ रुग्णांच्या गाठी आगरमध्ये पुंजके धरतच नसत, आणि धरल्या तरी हजारो पेशींमधून एखादीच वाढे. म्हणजे चाचणीसाठी आलेल्या अनेक रुग्णांना कोणतेच उत्तर मिळत नसे. सुट्या न झालेल्या पेशींचे गोळे नव्या पुंजक्यांत मोजले जाण्याचा धोका होताच. १९८३ मध्ये पीटर सेल्बी, रोनाल्ड ब्युइक आणि इयन टॅनक यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये या पद्धतीची कठोर चिकित्सा केली. एक गोष्ट मात्र टिकून राहिली : ‘हे औषध चालणार नाही’ असे चाचणीने सांगितले तर ते बहुधा खरे निघे. ‘चालेल’ असे सांगितले तर भरवसा कमी होता. रुग्णाला मात्र ‘चालेल’ हेच ऐकायचे होते.

१६/२४
या साऱ्यात निर्णायक परीक्षा एकच होती. चाचणीनुसार उपचार मिळालेले रुग्ण, डॉक्टरांच्या अनुभवानुसार उपचार मिळालेल्या रुग्णांपेक्षा अधिक जगतात का? १९९० मध्ये डॅनियल व्हॉन हॉफ आणि सहकाऱ्यांनी हे तपासणारी चाचणी प्रसिद्ध केली. १३३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली. चाचणीच्या गटातील बहुसंख्य रुग्णांना तर चाचणीने निवडलेले औषध देताच आले नाही. ज्यांना देता आले त्यांच्यापैकी काहींच्या गाठी अधिक आकसल्या. पण आयुर्मानात फरक पडला नाही. व्हॉन हॉफ हे स्वतः या पद्धतीचे आघाडीचे अभ्यासक होते. आपल्याच आशेची अशी परीक्षा घेऊन निकाल छापणे, ही या इतिहासातील सर्वांत सन्मान्य कृतींपैकी एक मानावी लागेल.

१७/२४
तरीही अशा चाचण्या व्यावसायिक प्रयोगशाळांतून विकल्या जात राहिल्या. हताश कुटुंबांना त्यांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. २००४ मध्ये ‘अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी’ या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने उपलब्ध पुरावा तपासून सांगितले : संशोधनाच्या चौकटीबाहेर या चाचण्यांच्या आधारे औषध ठरवू नये. २०११ मध्ये पुन्हा तोच निष्कर्ष निघाला. ही संघटना १९६४ मध्ये सात डॉक्टरांनी स्थापन केली होती. त्या सातांमधील एकमेव स्त्री म्हणजे जेन राइट. ज्या कल्पनेसाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे दिली, तिला ‘अजून नाही’ असे त्यांच्याच संघटनेला सांगावे लागले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

१८/२४
एव्हाना ‘व्यक्तिनिष्ठ उपचार’ हे शब्द दुसऱ्याच शास्त्राने घेतले होते. २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध मान्य झाले आणि गाठीची जनुके वाचून औषध निवडण्याचे युग आले. काही कर्करोगांत त्याचे यश डोळे दिपवणारे होते. पण पुष्कळ रुग्णांच्या जनुकांत औषधाने नेम धरावा असा बदलच सापडत नाही, आणि सापडला तरी औषध लागू पडेलच असे नाही. जनुकांची यादी म्हणजे घराचा नकाशा. आत कोण कसे वागते ते नकाशा सांगत नाही. त्यामुळे जिवंत गाठीकडे शास्त्रज्ञ पुन्हा वळले. तोपर्यंत उंदीरही बदलले होते. १९८३ मध्ये फिलाडेल्फियात ‘टी’ आणि ‘बी’ या दोन्ही पेशी नसलेला ‘स्किड’ उंदीर सापडला होता. २००५ पर्यंत त्याहूनही दुबळ्या प्रतिकारशक्तीचा ‘एनएसजी’ उंदीर तयार झाला.

१९/२४
या नव्या उंदरांना शास्त्रज्ञ आणि पत्रकार ‘अवतार’ म्हणू लागले. एका रुग्णाची गाठ धारण करणारा आणि रुग्णाच्या आधी औषध घेणारा तो त्याचा अवतार. २०११ मध्ये मॅन्युएल हिदाल्गो आणि सहकाऱ्यांनी एक लहान अभ्यास प्रसिद्ध केला. प्रगत कर्करोगाच्या १४ रुग्णांच्या गाठी उंदरांत वाढवून त्यांच्यावर ६३ औषधे, २३२ उपचारक्रमांत तपासली होती. १२ रुग्णांसाठी परिणामकारक उपचार सापडला. त्यांतील एक रुग्ण उपचार सुरू होण्याआधीच दगावला. उरलेल्या ११ जणांना उंदरांच्या साक्षीने १७ उपचार दिले गेले. त्यांपैकी १५ उपचारांनी गाठी टिकाऊपणे आकसल्या. हे यश अपूर्व होते. तरी तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि घड्याळ एका रुग्णाच्या बाबतीत जिंकले होते.

२०/२४
मग जुना प्रश्न परतला : अवतार मूळ रूपाशी किती इमानी? उंदरात वाढताना गाठीतील मानवी रक्तवाहिन्या आणि संयोजी ऊती झडून जातात व त्यांची जागा उंदराच्या पेशी घेतात. प्रतिकारशक्ती नसल्यामुळे, प्रतिकारशक्तीला जागे करणारी आजची नवी औषधे या उंदरांवर थेट तपासता येत नाहीत. २०१७ मध्ये उरी बेन-डेव्हिड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कलम एका उंदरातून दुसऱ्यात नेत गेल्यावर तिची गुणसूत्रे उंदराच्या शरीराला अनुसरून बदलू लागतात. २०२१ मध्ये एका व्यापक आंतरराष्ट्रीय अभ्यासाने याला उत्तर दिले की बहुतेक कलमांत मूळ ठेवण चांगली टिकते. वाद मिटलेला नाही. पण कलम जितकी जुनी होते, तितकी ती पुन्हा पडताळून घ्यावी, याबद्दल दुमत नाही.

२१/२४
तिसरा मार्ग नेदरलँड्समधून आला. २००९ मध्ये उट्रेख्ट येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत जपानी डॉक्टर तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातील एकाच मूळपेशीपासून काचपात्रात आतड्याच्या अस्तराची सूक्ष्म प्रतिकृती वाढवली. हे ‘ऑर्गनॉइड’. योग्य वाढघटक आणि जेलीसारखा आधार मिळाला की पेशी आपली रचना स्वतःच उभारतात. लवकरच कर्करोगाच्या गाठींचेही ऑर्गनॉइड होऊ लागले. २०१५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या २० रुग्णांच्या ऑर्गनॉइडांची ‘जिवंत पेढी’ प्रसिद्ध झाली. गंमत अशी की ज्या जेलीत ती वाढतात, ती ‘मॅट्रिजेल’ उंदराच्या एका गाठीपासूनच बनते. उंदीर कथेतून पूर्णपणे गेला नाही!

२२/२४
२०१८ मध्ये लंडनच्या निकोला व्हॅलेरी यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये निकाल मांडले. पचनसंस्थेचा पसरलेला कर्करोग असलेल्या ७१ रुग्णांच्या ११० तुकड्यांतून त्यांनी ऑर्गनॉइड वाढवण्याचा प्रयत्न केला होता. मग जी औषधे रुग्णांना प्रत्यक्ष दिली गेली, तीच ऑर्गनॉइडांवर घालून तुलना केली. ऑर्गनॉइडने ‘चालणार नाही’ म्हटले तेथे औषध एकदाही चालले नाही. ‘चालेल’ म्हटले तेथे ते ८८ टक्के वेळा चालले. प्रत्यक्ष तुलना मोजक्याच, वीसएक होत्या. तरीही १९८० च्या दशकानंतर ‘चालेल’ या शब्दाला इतके वजन प्रथमच आले होते. मात्र ही तुलना मागे वळून केलेली होती. निवड आधी ऑर्गनॉइडने करायची आणि मग रुग्णाला औषध द्यायचे, ही परीक्षा बाकी होती.

२३/२४
ती ॲम्स्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेने घेतली. २०२१ चा निकाल कठोर आहे. ५४ पात्र रुग्णांपैकी ३१ जणांचे ऑर्गनॉइड वाढले, २५ तपासता आले, १९ मध्ये एखादे तरी औषध परिणामकारक दिसले. प्रत्यक्ष उपचार मिळाला फक्त ६ रुग्णांना, आणि त्यांच्यापैकी एकाचीही गाठ अपेक्षेप्रमाणे आकसली नाही. पुढच्या वर्षी व्हिएन्नाहून उलट दिशेचे वृत्त आले. तेथे रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी वाढवण्याच्या भानगडीत न पडता ताज्याच औषधांत ठेवून यंत्राने त्यांची छायाचित्रे तपासली. असे मार्गदर्शन मिळालेल्या ५६ रुग्णांपैकी ५४ टक्क्यांमध्ये रोग आटोक्यात राहण्याचा काळ त्यांच्या आधीच्या उपचाराच्या किमान १.३ पट झाला. रक्तातील सुट्या पेशींना नवे घर लागत नाही. घट्ट गाठींना ते लागते. फरकाचे एक कारण हे असू शकते.

२४/२४
१९५७ ते २०२२ या प्रवासात साधने बदलली : काचपात्र, निर्लोम उंदीर, आगर, अवतार, ऑर्गनॉइड. प्रत्येक टप्प्यावर आधी ‘आता उत्तर मिळाले’ अशी घोषणा झाली आणि मग हिशेब आला. म्हणून अशा नव्या चाचणीची बातमी वाचताना इतिहासाने शिकवलेले तीन प्रश्न विचारावेत. आलेल्या शंभर रुग्णांपैकी किती जणांना चाचणीचे उत्तर मिळाले? ते किती दिवसांत मिळाले? आणि त्या उत्तरानुसार उपचार घेतलेले रुग्ण, तसे न घेतलेल्यांपेक्षा अधिक जगले का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वर्षागणिक सुधारत आहेत. तिसऱ्याचे उत्तर देणाऱ्या, यदृच्छेने गट पाडून केलेल्या मोठ्या चाचण्या अजून थोड्याच आहेत. जेन राइट यांचा प्रश्न योग्यच होता. त्याचे उत्तर ठरवण्याचा अधिकार मात्र उंदराचा नाही, काचपात्राचाही नाही. तो शेवटी रुग्णाच्या वाढलेल्या दिवसांचा आहे.

(धागा समाप्त)